टेरेझाबायची हाक

आयुष्यातली बरीच वर्षं मी सिनेमाच्या कपडेपटात काढली. दुसऱ्यांच्या कोटांना बटणं लावता लावता एक गोष्ट मला कळली: जो निर्माता आपली गोष्ट दोन वाक्यांत सांगतो, त्याचा सिनेमा पुरा होतो. गुणवंतभाईंनी 'चौका छक्का प्रायव्हेट लिमिटेड'ची गोष्ट मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कला आमच्या बिल्डिंगखाली, गाडीला टेकून सांगायला घेतली, ती माझ्या पिशवीतली कोथिंबीर सुकेपर्यंत. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण कामाची गरज होती आणि शूटिंग घोडबंदर रोडला चेण्याजवळ, म्हणजे घरापासून रिक्षाच्या अंतरावर. गोरेगाव-मढच्या खेपा वाचत होत्या, म्हणून म्हटलं, चला.

गुणवंतभाई मूळचे बिल्डर. भाईंदरला त्यांच्या दोन इमारती उभ्या होत्या आणि तिसरी-चौथी कागदावर. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, टीव्हीवर क्रिकेटवाल्यांचा लिलाव झाला. आख्ख्या देशाने तोंडात बोटं घातली, आणि गुणवंतभाईंना वाटलं की यावर सिनेमा काढला तर चालेल. दिग्दर्शक त्यांनी आणला नीरज नावाचा. दिल्लीकडचा मुलगा, जाहिराती करणारा, डोक्यात कल्पनांचा नुसता बाजार. त्याच्या गोष्टीत एका खेळाडूचा उजवा हात एका संघाने विकत घेतलेला असतो आणि डावा दुसऱ्याने. बॉल हवेत असताना जाहिरात सुरू होते आणि ती संपेपर्यंत बॉल हवेतच थांबतो. आउट की नॉट आउट, हे लोक एसेमेस करून ठरवतात. कॅप्टन कोण, ते शॅम्पूची कंपनी ठरवते. वाचताना मला खरंच हसू फुटलं. खेळाच्या धंद्याची टिंगल करायला निघालेल्या या सिनेमात गुणवंतभाईंनी मात्र प्रत्येक खेळाडूच्या छातीवर 'गुणवंत पॅलेस, फेज टू, बुकिंग चालू' असं छापून घेतलं. ते शर्टही इमाने इतबारे मीच शिवले. नीरजने कपाळाला हात लावला आणि मग म्हणाला, "चलेगा, ये भी सटायर है."

सिनेमातला मोठा प्रसंग होता खेळाडूंच्या लिलावाचा. त्यासाठी हवी होती लिलाव पुकारणारी बाई. दोन-तीन नट्या येऊन गेल्या, हातोडा आपटून इंग्रजीत बोलून गेल्या. नीरजचं समाधान होईना. अशात एका रविवारी तो समुद्रकाठी उत्तनला चिंबोऱ्या खायला गेला आणि तिथे बंदरावर त्याने टेरेझाबायला पाहिलं.

मी तिला आधीपासून ओळखत होते. गिरगाव सोडून मीरा रोडला आल्यापासून माझी मासळी उत्तनची. साठीला टेकलेली, वाळक्या अंगाची, गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं फुलाफुलांचं लुगडं, गळ्यात क्रूस. बाकी बायका बोटींवर आलेली मासळी विकत घ्यायच्या, ही ती पुकारायची. तिच्या सासूची सासू पुकारायची म्हणे, मग सासू, मग ही. तिच्या लिलावाची रीत ठरलेली. ती पाटीतला एक मासा उचलणार, कल्ला उघडून लाल रंग दाखवणार, डोळा दाखवणार आणि मग हाक देणार. घेणाऱ्याने तोंडाने काही बोलायचं नाही. पुढे यायचं आणि पाटीवर हात ठेवायचा. दुसऱ्याला जास्त द्यायचे असतील तर त्याने आपला हात त्यावर ठेवायचा. शेवटचा हात ज्याचा, त्याची पाटी. टेरेझाबायने "गेला!" म्हटलं की मूठभर बर्फ पाटीवर टाकायचा, संपला व्यवहार. आणि एकदा तिने हाक दिली की ती पाटी परत बोटीवर चढत नसे. कितीही वेळ लागो, कुणाचा तरी हात पडेपर्यंत ती पुकारत राहायची. भांडण नाही, कागद नाही, काही नाही. मी तिथे उभी राहून नुसती तिचा आवाज ऐकायची. असा आवाज देवाने मला दिला असता तर मी आयुष्यभर शिवणयंत्रावर बसले नसते.

नीरजने विचारलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "क्रिकेटवाल्यांना पुकारायचा? पाटीन बसतील काय ते?" मग तिने एकच अट घातली. "माजा घरवाला बी येल माज्यासंगती."

त्या अटीमागचं दुखणं उत्तनला सगळ्यांना माहीत होतं. तिचा नवरा रॉबर्ट म्हणजे बोटीचा तांडेल, समुद्रात बोट कुठे न्यायची ते ठरवणारा. बोट त्याची आणि त्याच्या भावाची. भाऊ गेला, बोटीचा कारभार पुतण्याकडे आला. पुतण्या कार्ल. त्याला जाळं टाकायला रॉबर्टनेच शिकवलेलं. पण हल्ली रॉबर्टची नजर अधू झाली होती. आदल्या हंगामात त्याने बोट दुसऱ्याच्या जाळ्यावर घातली आणि जाळं फाटून मोठा तंटा झाला. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात निघाल्या तेव्हा कार्लने बोटीवर वाट दाखवणारं नवं मशीन बसवलं, एक तरुण पोरगा तांडेल म्हणून ठेवला आणि काकाला गोडीत सांगितलं, "काका, तुमी आता आराम करा." चिडून बोलला असता तर रॉबर्टने दोन शिव्या घातल्या असत्या आणि मोकळा झाला असता. या गोडीने तो पार खचला. तेव्हापासून तो ओट्यावर समुद्राकडे पाठ करून बसायचा. बंदरावर येईना, रविवारी चर्चला जाईना. "जिता मानूस घरान बसून कुजतंय," टेरेझाबाय मला म्हणाली होती. तिला बाकी काही नको होतं. तो उठून पुन्हा माणसांत यावा आणि कुणाला तरी त्याची गरज वाटावी, एवढंच तिच्या मनात होतं. सिनेमाचं तिला काडीचं अप्रूप नव्हतं.

तर पहिल्या दिवशी ती नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. तो एका कोपऱ्यात डबा मांडीवर घेऊन बसला. शूटिंग सुरू झालं आणि टेरेझाबायने सगळ्यांची भंबेरी उडवली. लिहिलेले संवाद तिने एकदा ऐकले आणि बाजूला ठेवले. पहिला खेळाडू आला. जिममध्ये कमावलेला, केसांना जेल लावलेला देखणा नट. तिने सरळ त्याच्या कानामागे बोट घातलं, कल्ला बघावा तसं बघितलं, त्याची खालची पापणी ओढली आणि गर्जली, "ताजा हाय! बरफातला न्हाय!" तो नट कळवळून मागे सरला. लाइटवाले हसून हसून शिडीवरून पडायचे राहिले. दुसऱ्याचा दंड दाबून ती म्हणाली, "वरून जाडा, आतून पानी," आणि त्याचा भाव तिथेच पडला. नीरज तर खुर्चीत बसेना. "मौसी, आप सोना हो," म्हणत तिच्या पाया पडला. गुणवंतभाई शुद्ध शाकाहारी. लांबून नाकाला रुमाल लावून बघत होते. तिथे मासळीची एक पाटीही नव्हती, पण त्यांना वास येत होता.

दुपारी नीरजची नजर कोपऱ्यात गेली. रॉबर्ट. रुंद खांदे, पांढरे केस, उन्हाने रापलेला चेहरा. नीरजने चुटकी वाजवली. "यही है मेरा तूफान सिंग! पुराना फास्ट बॉलर!" त्याने विचारलं, "अंकल, काम करोगे?"

रॉबर्ट त्याच्याकडे बघत राहिला. कित्येक महिन्यांत त्याला कुणी काही करशील का म्हणून विचारलंच नव्हतं. "करीन की," तो म्हणाला. "काय करायचा?"

"बस, खडे रहना है."

मी त्याची मापं घेतली. दंड मोजून मी 'बाप रे' म्हटलं तेव्हा तो लाजला. पाठीवर 'तूफान' असं नाव शिवून पांढरा शर्ट त्याला घातला, तर आरशासमोरून हलायला तयार नाही. टेरेझाबाय दुरून बघत होती. तिने पदराने तोंड झाकलं, पण डोळ्यांवरून कळत होतं की बाई खूश आहे. दुसऱ्या दिवशी तिनेच मला सांगितलं, म्हातारा सकाळी गच्चीवर जाऊन बॉलिंगचा हात फिरवून आला. दाढी केली, केसांना तेल लावलं आणि तिच्या आधी तयार होऊन दारात उभा राहिला. "पोरीला बघाया चाललाय जसा," ती म्हणाली आणि खळखळून हसली.

आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. कागद आदल्या दिवशी कुणाला मिळत नाही. नीरजचे संवाद सकाळच्या चहाबरोबर यायचे. त्यामुळे तूफान सिंगचं पुढे काय होणार, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या आठवड्यात वाऱ्याचा इशारा होता, बोटी बंदरात. गुणवंतभाईंनी संधी साधली. संघांचे मालक म्हणून बसवायला भाड्याची माणसं आणण्याऐवजी त्यांनी उत्तनच्या खलाशांना टेम्पोत भरून आणलं. जेवण फुकट. माझ्यावर आली त्या सगळ्यांना सूट चढवायची पाळी. आयुष्यात टाय न बांधलेली माणसं. त्यांच्या खांद्यांनी माझ्या दोन कोटांच्या शिवणी उसवल्या. त्यात कार्लही होता. मी त्याला निळा कोट दिला, डोळ्यांवर गॉगल चढवला. हातात नंबराची पाटी घेऊन पहिल्या रांगेत बसला तेव्हा खरोखरीच्या मालकासारखा दिसला. काकाकडे मात्र त्याने बघणं टाळलं, आणि काकानेही.

मग नीरजने प्रसंग समजावून सांगितला. तूफान सिंगला मंचावर उभं करायचं. मौसी त्याला एक करोडला पुकारणार. कुणीही बोली लावणार नाही. मौसी तीनदा विचारणार, सगळे मालक हसणार आणि मग मौसी म्हणणार, "अनसोल्ड!" दोन माणसं येऊन त्याला उचलतील आणि बर्फाच्या पेटीत टाकून झाकण लावतील. "बहुत बडा लाफ आएगा," नीरज म्हणाला.

रॉबर्टने सगळं नीट ऐकून घेतलं. शर्ट खाली ओढून सरळ केला आणि मंचावर जाऊन उभा राहिला. सकाळपासून ताठ असलेले त्याचे खांदे मात्र उतरले. ओट्यावर बसायचा तसाच दिसू लागला तो. नीरजला काय कल्पना असणार, बिचारा त्याच्या कामात होता. पण मला त्या क्षणी त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं, हे खरं.

टेरेझाबाय म्हणाली, "आमचे बंदरान असा व्हत न्हाय. हाक दिल्यावर म्हावरा परत जात न्हाय."

"मौसी, ये बंदर थोडी है. पिक्चर है."

तिने मान डोलावली. नीरजला वाटलं, पटलं.

कॅमेरा सुरू झाला. टेरेझाबाय नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. एक करोड म्हणायचं होतं. तिने हाक दिली, "शंभर रुपय!"

खुर्च्यांतली सगळी माणसं हसली. नीरजने 'कट' म्हणायला तोंड उघडलं, पण हसू खरं होतं, म्हणून थांबला. टेरेझाबायने रॉबर्टचा हात वर धरला आणि तळवा उघडून समोर दाखवला. दोराने कापून कापून तिथली कातडी जाड झालेली. "हात बगा. या हातान पोरं मोठी केली, सवताची बी न दुसऱ्याची बी. वादळान ज्याची बोट गेली त्याला वडून आनला या हातान. खांदे बगा. मोडला न्हाय कवा. आवाज बगा, बोटीच्या या तोंडाशी बोलला तर त्या तोंडाशी आयकू येतंय. शंभर रुपय!" आधीच्या सगळ्या खेळाडूंचे तिने डोळे दाखवले होते. याचे दाखवले नाहीत. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून की काय, त्याच्या आणि दिव्याच्या मधेच ती उभी राहिली.

"शंभर रुपय एक वार!"

हसू कमी झालं. उत्तनची माणसं होती ती. आपण कशाच्या लिलावात बसलोय, हे त्यांना एव्हाना समजलं होतं. एकाने गॉगल काढला.

"शंभर रुपय दोन वार!"

तिसऱ्यांदा ती म्हणेचना. पुन्हा दोन वार. पुन्हा हात दाखवला, पुन्हा दोन वार. फिल्मचा रोल फिरत होता आणि मागे गुणवंतभाई "अरे, रोल खतम थई जशे" म्हणून तडफडत होते. नीरजने हाताने त्यांना गप्प केलं. टेरेझाबायचा आवाज चढत गेला आणि मग एका ठिकाणी फाटला. बंदरावर इतकी वर्षं ऐकलेला तो आवाज फाटताना मी कधी ऐकला नव्हता. मी सुईदोरा हातात घेऊन रडत होते. कशाला लपवू? समोर म्हातारा खाली मान घालून उभा आणि त्याची बायको त्याला शंभर रुपयांना विकतेय, घ्या कुणी तरी म्हणतेय. दगडाला पाझर फुटला असता.

कार्ल उठला. हातातली नंबराची पाटी त्याने खुर्चीवर टाकली. मधली केबल ओलांडून, कॅमेऱ्यासमोरून आडवा चालत तो मंचावर चढला आणि बंदरावर पाटीवर ठेवतात तसा त्याने रॉबर्टच्या खांद्यावर हात ठेवला.

टेरेझाबायने तिन्ही बाजूंना बघितलं. दुसरा हात येतोय का, याची वाट बघितली, रीत म्हणून. मग ओरडली, "गेला!" आणि पेटीतला मूठभर बर्फ उचलून नवऱ्याच्या डोक्यावर टाकला.

'कट' कुणी म्हटलं नाही. रोलच संपला होता. नीरज नाचत होता, मिठ्या मारत होता. त्याच्या मते त्याने आजवर बघितलेला तो सगळ्यात विनोदी प्रसंग होता.

जेवणाच्या सुट्टीत मी कोट परत घ्यायला गेले, तर तिघं पत्र्याच्या सावलीत बसलेले. कार्ल खालच्या आवाजात म्हणत होता, "काकी, यो पिक्चर व्हता."

"असंल पिक्चर," टेरेझाबाय भात कालवत म्हणाली. "हाक कोनाची व्हती?"

"तुजी."

"न हात कोनाचा?"

कार्लने डोकं खाजवलं. "माजा. पन काकी, काकाचे डोले..."

"डोला घ्यायच्या आदी बगायचा. म्हावरा घरी नेल्यावर कोन परत आनतंय?"

उत्तनच्या बंदरावर टेरेझाबायच्या हाकेवर ठेवलेला हात मागे घेतलेला माणूस अजून जन्मायचा होता, आणि पहिला व्हायची त्याची तयारी नव्हती. शिवाय, मला वाटतं, त्याला तो हात काढून घ्यायचाही नव्हता. ताटातला भात चिवडत तो म्हणाला, "मशीन पोरगा बगंल. काका, तुमी वारा बगा न जाला कवा टाकायचा ता सांगा." रॉबर्टने आपल्या पानातली तळलेली मांदेली उचलून पुतण्याच्या पानात टाकली. मला कोट मागायचं सुचलं नाही. तो निळा कोट अजून उत्तनलाच कुठे तरी असेल.

सिनेमाचं जे व्हायचं तेच झालं. त्या वर्षाअखेर घरांचे भाव बसले, गुणवंत पॅलेसचं बुकिंग थांबलं आणि गुणवंतभाई सुरतेला गेले ते फोन उचलेनासे झाले. रिळं कुठल्या तरी लॅबमध्ये पडून राहिली. नीरज पुन्हा जाहिरातींकडे वळला. माझे शेवटचे पैसे बुडाले, ते बुडालेच.

हे सांगायला मी एका सकाळी उत्तनला गेले. कार्लची बोट नुकतीच लागली होती. रॉबर्ट गुडघाभर पाण्यात उभा राहून खलाशांवर ओरडत होता. तो आवाज खरंच बोटीच्या त्या तोंडापर्यंत पोचत होता. पाट्या किनाऱ्यावर आल्या, टेरेझाबायने लिलाव उरकला. सिनेमा बुडाला म्हटल्यावर ती "बरा," एवढंच म्हणाली.

रॉबर्ट आमच्या जवळून गेला तो बायकोकडे न बघता. मी विचारलं, भांडण झालं का?

"कवापासून फुगून बसलाय," ती म्हणाली. "मना बोलतंय, पापलेट पुकारतेस तवा केवढा भाव लावतेस, न नवऱ्याला शंभर रुपय? सगल्या गावासमोर? बोंबलाची पाटी बी शंभराला मिलत न्हाय."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "खरंच की. करोड म्हणायचं होतं, निदान लाख तरी म्हणायचं. एवढं कमी का लावलंत?"

तिने ओला पदर पिळला, पुन्हा खोचला. रॉबर्ट तिकडे जाळ्याचं टोक ओढत होता, त्याच्याकडे बघत बसली.

"म्या जास्तीचा भाव लावला असता," ती म्हणाली, "न कोनीच हात ठेवला नसता, तर त्याला घरी कसा नेला असता मी?"

पुढची बोट लागत होती. ती उठली आणि पाण्याच्या दिशेने चालू लागली.